डोक्याला मुका मार, स्कॅन नॉर्मल आणि समोर गटारी: ग्लास कधी उचलायचा?

घाटपायथा
आषाढ उतरणीला लागला की पुण्यात दोन गोष्टी एकदम वाढतात. ओल्या रस्त्यावर दुचाक्या घसरतात आणि गटारीचे बेत ठरतात. मग प्रश्न येतो: "डोक्याला मार बसला होता, सीटी स्कॅन नॉर्मल आला, आता दोन पेग चालतील ना?" यावर एक काका सांगतात जन्मभर सोडा, दुसरे काका सांगतात थोडी घेतली की झोप छान लागते. दोघांच्याही उत्तरात आकडा नसतो, कारणही नसते. म्हणून हा धागा.

आधी हद्द आखून घेऊ. सौम्य मार म्हणजे ग्लासगो कोमा स्केल (शुद्ध किती आहे ते मोजणारी पट्टी) १३ ते १५, शुद्ध हरपली असलीच तर अर्ध्या तासाच्या आत परत आलेली, आणि अपघातानंतरचा विसरभोळेपणा २४ तासांत संपलेला. डिस्चार्ज कार्डावर 'कन्कशन' किंवा 'माइल्ड हेड इंजुरी' लिहिलेले असते. त्याच कार्डावर कंट्यूजन (मेंदू ठेचला जाणे), फ्रॅक्चर, रक्तस्राव किंवा फिट यातले काहीही असेल तर खालचे वेळापत्रक तुमचे नाही. तिथे न्यूरोसर्जन सांगतील तेच, आणि ते बहुधा महिन्यांच्या भाषेत बोलतील.

स्कॅन नॉर्मल म्हणजे मेंदू नॉर्मल, असे नाही. सीटी स्कॅनला रक्त आणि हाड चांगले दिसते. मुक्या मारात बिघडते ते त्याहून बारीक असते. झटक्याने पेशींतले पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते. ही उलथापालथ निस्तरायला पेशीला नेहमीपेक्षा जास्त ग्लुकोज लागते आणि नेमका त्याच दिवसांत रक्तपुरवठा कमी पडतो. बहुतेक प्रौढांचे हे काही आठवड्यांत सावरते, काहींना तीन महिने लागतात.

आता दारू. ती मेंदूचा ब्रेक जास्त दाबते (गाबा) आणि ॲक्सिलरेटर सैल करते (ग्लुटामेटचे एनएमडीए रिसेप्टर). पण रसायनशास्त्र बाजूला ठेवले तरी व्यवहारातली अडचण उरतेच. मार बरा होतोय की चिघळतोय हे घरच्यांना कळायचे साधन म्हणजे लक्षणे: उलटी, झोपाळूपणा, अडखळती जीभ, तोल जाणे, चिडचिड. दारूचीही हीच. पाटीवर कोणीतरी लिहीत असताना आपणच तिच्यावर ओले फडके फिरवायचे, तसा प्रकार.

म्हणून माझा क्रम असा: आधी झोप आणि काम पूर्ववत, मग व्यायाम, मग गाडी, आणि ग्लास सगळ्यात शेवटी. पहिल्या ४८ तासांत तर विषयच नको. जाणकारांनी भर घालावी.

शंकेखोर
वाचनखूण साठवली. पण दोन पेग म्हणजे नक्की किती? आमच्याकडे पेग हा ओतणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असतो.

मोजपट्टी
@शंकेखोर, चला मोजू. मिली गुणिले टक्केवारी गुणिले ०.७८९, की शुद्ध अल्कोहोल ग्रॅममध्ये मिळते. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के छापलेले असते.

३० मिलीचा स्मॉल: साधारण १० ग्रॅम. आपल्याकडे एक युनिट धरतात ते हेच.
६० मिलीचा लार्ज: २० ग्रॅम.
१८० मिलीची क्वार्टर: ६१ ग्रॅम.
६५० मिलीची स्ट्राँग बिअर, ८ टक्के: ४१ ग्रॅम.
६५० मिलीची माइल्ड, ५ टक्के: सुमारे २६ ग्रॅम.
१५० मिली वाइन, १३ टक्के: १५ ग्रॅम.

स्ट्राँग बिअरची ओळ पुन्हा वाचा. "मी फक्त एक बिअर घेतली" म्हणणाऱ्याने दोन लार्ज पेग रिचवलेले असतात. डोक्याला मार लागलाय म्हणून 'हलके' काहीतरी घेऊ म्हणणारे नेमके इथे फसतात.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटते. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. म्हणजे एका लार्जला दोन ते तीन तास, क्वार्टरला सहा ते नऊ. रात्री बाराला संपलेली क्वार्टर सकाळी आठला कर्वे रोडवर तुमच्यासोबत गाडी चालवत असू शकते.

आणखी एक. ७० किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एक लार्ज घेतला की रक्तातले प्रमाण १०० मिलीला ४० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. ५० किलोच्या बाईचे ७० च्या घरात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे ३०. हा झाला निरोगी माणसाचा हिशेब. मार ताजा असेल तर आकडा तोच राहतो, परिणाम मात्र वाढतो. पूर्वी जेवढ्याला जी अवस्था व्हायची ती त्याहून कमीत होऊ शकते. जुनी 'कपॅसिटी' धरून ओतू नये.

औषधांची_पिशवी
डिस्चार्जच्या वेळी मिळालेली पिशवी आधी टेबलावर ओता. चालू असलेल्या गोळीवरच अर्धे उत्तर ठरते.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम: दारूसोबत अजिबात नाही. दोन्ही एकाच ब्रेकवर पाय देतात, श्वास मंदावतो.
लेवेटिरासिटॅम: गुंगी आणि चिडचिड होऊ शकतेच, दारूने ती आणखी वाढते. आणि ही गोळी फिट येऊ नये म्हणून दिलेली आहे. ती चालू असताना पिणे म्हणजे एका हाताने छत्री धरून दुसऱ्याने पाइप सोडणे.
फेनिटॉइन: एका बैठकीत जास्त प्यायले की रक्तातली पातळी वर जाते, रोज प्यायले की खाली येते. दोन्ही वाईट.
ॲमिट्रिप्टिलीन (डोकेदुखीसाठी रात्रीची १० मिलिग्रॅम), सिनारिझीन, प्रोक्लोरपेराझिन: झोप आणि तोल, दोन्हींवर घाला.
ट्रामाडोल: फिटची शक्यता वाढवते, गुंगीही आणते. नकोच.
डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन: दारूसोबत जठरातून रक्तस्रावाचा धोका.
पॅरासिटामॉल: २४ तासांत ४ ग्रॅम ही प्रौढांची वरची मर्यादा, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्या. रोज पिणाऱ्याने किंवा किरकोळ अंगाच्या माणसाने तिच्या जवळपासही जाऊ नये. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, ते मोजायचे राहते.

जखमेसाठी किंवा दातासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल तर शेवटच्या गोळीनंतरही किमान ४८ तास दारू नको. चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या होऊ शकतात. आता विचार करा: तीन आठवड्यांपूर्वी डोके आपटलेला माणूस रात्री अकराला उलट्या करतोय. गोळीच्या, दारूच्या की डोक्यातल्या, हे घरात बसून कोण सांगणार?

डोके दुखतेय म्हणून गोळी, त्यावर दारू, सकाळी पुन्हा दुखतेय म्हणून गोळी. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा जास्त दिवस घेतली की गोळीचीच डोकेदुखी लागते. मग दोष अपघाताला जातो.

मुठेकाठ
जरा वेगळी बाजू. अपघाताच्या वेळी दारू प्यालेल्यांचा मृत्युदर कमी आढळल्याचे काही अभ्यास आहेत. म्हणजे दारू मेंदूला वाचवते असे नाही का?

घाटपायथा
@मुठेकाठ, असे अभ्यास आहेत, पण त्यांचा या प्रश्नाशी संबंध नाही. ते अपघाताच्या *क्षणी* रक्तात असलेल्या दारूबद्दल आहेत, नंतर प्यायलेल्या नव्हे. बहुतेक रुग्ण गंभीर माराचे. त्यात एक खोटही आहे: दारूनेच माणूस सुस्त असतो, त्यामुळे ग्लासगो स्कोअर खरा असतो त्याहून कमी दिसतो. तो 'गंभीर' रकान्यात जातो आणि दारू उतरली की चमत्कार झाल्यासारखा सुधारतो. शिवाय प्यालेले लोक मुळात अपघातात जास्त सापडतात, हे त्या आकड्यात येत नाही. कृपया या मुद्द्यावर धाग्याचा काश्मीर, म्हणजे न संपणारा वाद, नको.

भोवरा
चक्करेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून.

आतल्या कानात अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव आणि त्यात एक जेलीसारखा पडदा. एरवी दोघांची घनता सारखी. अल्कोहोल रक्तातून पडद्यात आधी शिरते, द्रवात नंतर. पडदा हलका होऊन तरंगायला लागतो, म्हणून आडवे झाले की खोली फिरते. पिण्यास सुरुवात झाल्यावर साधारण अर्ध्या तासाने हे सुरू होते आणि तीन-चार तास चालते. मग मधे शांतता. नंतर पडद्यातून अल्कोहोल आधी निघून जाते, द्रवात मागे राहते, आणि खोली उलट्या दिशेने फिरते. ही दुसरी फेरी पाच ते दहा तासांनी, म्हणजे पहाटे. हँगओव्हरची गरगर ती हीच.

डोक्याच्या मारानंतर याच नळ्यांत कॅल्शियमचे कण जागा सोडून भटकू शकतात. ती चक्कर कूस बदलताना येते आणि मिनिटाच्या आत थांबते. तिला गोळ्यांचा फार उपयोग नाही. एप्ली नावाची मान वळवण्याची पद्धत कान-नाक-घसावाले टेबलावर झोपवून करतात आणि बऱ्याचदा एक-दोन खेपांत काम होते. म्हणजे उपाय हाताशी असताना लोक महिनोन्महिने चक्कर अंगावर काढतात आणि वर पेग घेतात. कूस बदलताना गरगरत असेल तर आधी ते काढून घ्या, बाकी चर्चा नंतर.

तोल कच्चा असताना घरातली सर्वात वाईट जागा म्हणजे ओल्या शहाबादी फरशीची मोरी. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसणे पहिल्यापेक्षा महागात पडते. ग्लासातल्या दारूपेक्षा मला त्या फरशीची भीती जास्त वाटते.

कोथरूडची_मनी
"थोडी घेतली की झोप लागते" याबद्दल. लागते लवकर, हे खरे. पण रात्रीच्या पूर्वार्धात स्वप्नांची झोप दबते आणि उत्तरार्धात तुकडे पडतात. तीनला जाग, घसा कोरडा, लघवी. लघवी का, तर दारू व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक दाबते आणि मूत्रपिंड पाणी राखत नाही. सकाळची डोकेदुखी थोडी त्यातून. बऱ्या होणाऱ्या मेंदूला ज्या झोपेची गरज आहे तीच कुरतडली जाते आणि माणूस म्हणतो, आठ तास झोपलो तरी थकवा आहे.

झोपच येत नसेल तर ते डॉक्टरांना सांगायचे लक्षण आहे. ग्लास हे झोपेचे औषध झाले की मात्रा वाढत जाते, आणि मारानंतरच्या उदास दिवसांत तर हमखास.

अवांतर: याच दिवसांत नदीकाठी ढोल-पथकांचे सराव सुरू होतात. ज्यांना अजून आवाज सहन होत नाही त्यांनी खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघून झोपायची खोली बदलावी. त्यावर उतारा म्हणून पेग नको.

जुना_वाडा
वय साठच्या पुढे असेल तर वरचे सगळे आठवडे विसरा.

वयाने मेंदू थोडा आकसतो, वर्षानुवर्षे पिणाऱ्यांचा जास्तच. कवटी आणि मेंदू यांच्यातल्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात. कपाटाचे दार लागल्याएवढा किरकोळ मारही एखादी शीर फाडतो. रक्त थेंबाथेंबाने साचते. पहिला स्कॅन नॉर्मल, आणि तीन-चार आठवड्यांनी आजोबा एक पाय ओढायला लागतात, शब्द चुकतात, दिवसा झोपतात. संध्याकाळी एक पेग घ्यायची सवय असेल तर घरचे म्हणतात "चढली वाटतं" किंवा "वय झालं". याला क्रॉनिक सबड्युरल म्हणतात. वेळेत कळले तर कवटीला छोटे भोक पाडून रक्त काढता येते आणि माणूस पुन्हा उभा राहतो.

रक्त पातळ ठेवणारी गोळी (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन) चालू असेल तर धोका आणखी वर. अशांनी दारूचा विषय डॉक्टरांपुढे काढल्याशिवाय घरात काढू नये. वागण्यात फरक वाटला की पुन्हा सीटी, आदल्या महिन्याचा नॉर्मल रिपोर्ट दाखवून समाधान मानायचे नाही.

औषधांची_पिशवी
आता उलटी बाजूही लिहायला हवी. रोज क्वार्टर किंवा जास्त घेणाऱ्याने मार लागल्यावर "आता एकदम बंद" केले तर तेही धोक्याचे. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत हातकंप, घाम, आणि फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत भ्रम, भलतेसलते दिसणे, ताप. हे डोक्यातल्या रक्तस्रावासारखेच दिसते.

म्हणून ॲडमिट करताना नातेवाइकांनी लाज सोडून खरा आकडा सांगायचा: रोज किती क्वार्टर, शेवटची कधी. "कधीतरी घेतो" हे उत्तर वॉर्डात निरुपयोगी असते. आकडा कळला की डॉक्टर उतरत्या मात्रेत गोळ्या देतात आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचे (बी-१ जीवनसत्त्वाचे) इंजेक्शन. थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवले तर आधीच उपाशी मेंदूचे जास्त नुकसान होऊ शकते. पुढचा टप्पा म्हणून पुण्यात येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहेच.

शंकेखोर
बारीकसारीक प्रश्न. झिरो बिअर चालेल का? नीरा? आणि आमच्याकडे आजी स्मरणशक्तीसाठी सारस्वतारिष्ट पाजते, त्याचे काय?

मोजपट्टी
झिरो बिअर: लेबल वाचा. ०.० आणि ०.५ टक्के यात फरक आहे, तरी ०.५ वाल्या ३३० मिलीत जेमतेम १.३ ग्रॅम. चालेल. फक्त चवीने खरीची आठवण येऊन हात पुढे जाणार असेल तर कोकम सरबत बरे.

नीरा: पहाटेची, थंड ठेवलेली असेल तर ठीक. ऊन लागले की काही तासांत आंबते आणि मग तिचे नाव बदलते.

अरिष्ट: हा प्रश्न खरा चांगला. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेले अल्कोहोल असतेच, साधारण ५ ते १० टक्के, बाटलीवर छापलेलेही असते. २० मिलीत साधारण ०.८ ते १.६ ग्रॅम. नशा नाही, पण वरच्या यादीतली गुंगीची गोळी किंवा मेट्रोनिडाझोल चालू असेल तर आजींना थोपवा. "औषध आहे, दारू नाही" हा युक्तिवाद यकृताला कळत नाही.

घाटपायथा
आता मूळ प्रश्न. लक्षणे पूर्ण गेली, कामाचा अख्खा दिवस झेपतो, जिना दोनदा चढून डोके दुखत नाही, गुंगीची कुठलीही गोळी चालू नाही, आणि असे सलग दोन आठवडे गेले. डॉक्टरांनीही पुढच्या भेटीत मनाई केलेली नाही. मग पहिली खेप कशी?

घरी. पार्टीत नाही. सोबत न पिणारे एक माणूस. पोटभर जेवणासोबत, कारण भरल्या पोटी अल्कोहोल हळू चढते. सोडा नको, बुडबुड्यांनी शोषण वेगाने होऊ शकते. साधे पाणी घ्या. एनर्जी ड्रिंक तर नकोच, ते झोप लपवते, नशा नाही. मापाने ३० मिली, तासाभरात हळूहळू. संध्याकाळी साडेसातच्या आत संपवा म्हणजे झोपेपर्यंत तीन तास मिळतात. त्या दिवशी दुसरे काही नवे नको: घाटातला प्रवास नको, जागरण नको, चार तासांचा सिनेमा-मोबाइल नको. नाहीतर सकाळी डोके दुखले तर दोष कोणाचा, ते कळत नाही.

एका कागदावर पाच गोष्टी, प्रत्येकी ० ते १० गुण: डोकेदुखी, चक्कर, उजेड-आवाजाचा त्रास, विसरणे, झोप. पिण्याआधी, दुसऱ्या सकाळी, आणि ४८ तासांनी. दोन गुणांपेक्षा जास्त काही वाढले तर उत्तर मिळाले, 'अजून नाही'. परत शून्यावर, महिनाभर तरी. (ही दोन गुणांची पट्टी माझ्या मनची नाही. कन्कशननंतरच्या व्यायामाला २०२२ च्या ॲमस्टरडॅम परिषदेच्या शिफारशींत तीच आहे. दारूला मी ती उसनी घेतली आहे.)

भोवरा
पद्धत ठीक, पण एका खेपेवर भरवसा नको. ३० मिली निभावले म्हणून पुढच्या शनिवारी १२० झेपतील असे नाही. दोन खेपांत किमान आठवडा, आणि तीन महिने पुरे होईपर्यंत एका वेळी दोन स्मॉलच्या वर जाऊच नये असे माझे मत. आणि ज्याला जमतच नाही एकावर थांबायला, त्याने हा प्रयोग करू नये. त्याच्यासाठी शून्य जास्त सोपे.

मुठेकाठ
म्हणजे पाच आठवड्यांपूर्वी घसरलेल्याला यंदाची गटारी नाही?

घाटपायथा
पाच आठवड्यांत सगळे नीट असेल तर घरी ३० मिली, वरच्या पद्धतीने. पानशेतच्या फार्महाऊसवर क्वार्टर, नाही. दुसऱ्या दिवसापासून श्रावण आहेच, महिना आयता मिळतो.

जुना_वाडा
फार्महाऊसवरून आठवले. सोबत जाणाऱ्यांसाठी, कारण पिणाऱ्याला हे त्या वेळी आठवणार नाही. परत परत उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, एक बाहुली मोठी, हात-पाय लुळा, फिट, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, हलवूनही नीट जाग न येणे. यातले एकही दिसले तर "झोपू दे, उतरेल" म्हणायचे नाही. कुशीवर वळवा, १०८ लावा, सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन दोन्ही असलेल्या ठिकाणी न्या. ससूनला रात्रीही तातडीचा विभाग चालू असतो. न पिणारा एक चालक आधीच ठरलेला हवा, आणि धरणाच्या आतल्या बाजूला रेंज कुठे मिळते ते उजेडी बघून ठेवलेले हवे.

कोथरूडची_मनी
एक राहिले. मारानंतर काहींचा वास जातो, सौम्य मारातही. नाकाच्या छतातून वर जाणारे धागे झटक्याने तुटतात. वास नसला की चवही पांचट लागते, मग पेग कडक ओतला जातो आणि कळत नाही. तर माप वापराच, आणि स्वयंपाकघरात गॅस डिटेक्टर लावून घ्या. सिलिंडरची गळतीही त्याच नाकाला कळायची असते.

शंकेखोर
वास तपासायचा कसा?

कोथरूडची_मनी
डोळे मिटून एकेक नाकपुडी बंद करून. कॉफी पावडर, लवंग, साबण. अमोनिया किंवा विक्स नको, ते नाकाला झोंबते आणि वास येतोय असा भास होतो.